ईव्हीचे छोटे बिघाड घरीच शोधायचेत? कुठलं टूल आधी घ्यायचं, किती पैशात घ्यायचं आणि कसं वापरायचं

सकाळी ऑफिसला निघायच्या घाईत बटण दाबता आणि गाडी रेडीलाच (डॅशबोर्डवर READY दिसून गाडी चालायला तयार) येत नाही. किंवा रात्री चार्जिंगला लावलेली गाडी सकाळी बघता तर २० टक्क्यांवरच अडकलेली. किंवा त्र्यंबकला पावसात जाऊन आलात आणि दुसऱ्या दिवशी एबीएसचा दिवा लागला तो लागलाच. नाशकात ईव्ही वापरणाऱ्या बऱ्याच जणांना यातलं काहीतरी माहितीये. सर्व्हिस सेंटरला फोन केला की पुढच्या आठवड्याची तारीख मिळते, गाडी टो करून न्या, दोन दिवस ठेवा आणि मग कळतं की १२ व्होल्टची बॅटरी बसली होती, नाहीतर कुठला तरी कनेक्टर ओला झाला होता. एवढं तर पार्किंगमध्ये उभं राहून दहा मिनिटांत कळलं असतं.

आता टूल म्हटलं की सगळे आधी ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, शोधायला लागतात. ऑनलाइन ३०० रुपयांपासून ३०,००० पर्यंत काहीही मिळतं, प्रत्येकावर "ऑल कार सपोर्ट" लिहिलेलं असतं आणि माणूस गोंधळून सगळ्यात स्वस्त नाहीतर सगळ्यात महाग असं काहीतरी उचलतो. माझं मत स्पष्ट आहे, सुरुवात स्कॅनरपासून करूच नका. आधी मल्टीमीटर, मग चार्जिंग सॉकेट तपासायचं सामान, मग ओबीडी अडॅप्टर आणि बाकीचं गरज पडेल तसं. माझ्या पाहण्यात घरी सुटणारे बहुतेक बिघाड १२ व्होल्टची बाजू, घरचं अर्थिंग आणि कनेक्टर या तीनच ठिकाणी असतात, आणि तिथे स्कॅनर फक्त लक्षण सांगतो, कारण मीटरच सांगतो.

सगळ्यात आधी, कशाला हात लावायचा नाही

हा भाग वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका प्लीज. गाडीत दोन वेगळ्या सिस्टीम असतात. एक साधी १२ व्होल्टची, जिच्यावर लाइट, लॉक, स्क्रीन आणि सगळे कंट्रोलर, म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर, चालतात. दुसरी हाय व्होल्टेज, म्हणजे मोठा बॅटरी पॅक, मोटर, इन्व्हर्टर, एसीचा कॉम्प्रेसर. आपल्याकडच्या बऱ्याच कार्समध्ये ही ३०० व्होल्टच्या आसपास किंवा त्याच्याही वर असते. डीसी ६० व्होल्टच्या वर गेलं की ते धोकादायक धरतात, इथे तर त्याच्या पाचपट आहे. या सिस्टीमच्या केबल नारंगी असतात, त्यामुळे नियम सोपा आहे, नारंगी दिसलं की हात मागे. ना मीटर लावायचा, ना कनेक्टर उघडायचा, ना सर्व्हिस प्लग (मोठ्या पॅकचं कनेक्शन तोडणारा प्लग) ओढायचा. टेक्निशियन लोकसुद्धा १००० व्होल्टचे ग्लोव्हज घालून, सर्व्हिस प्लग काढून, आतले कपॅसिटर रिकामे व्हायची वाट बघून आणि व्होल्टेज शून्य झालंय हे मोजून मगच काम करतात. गाडी बंद आहे म्हणून ती बाजू मेलेली आहे असं अजिबात नाही, पॅकच्या आत व्होल्टेज कायम असतं.

तसंच गाडी पाण्यात गेली असेल तर टूल बाहेर काढायचंच नाही. गोदेला पूर आला आणि दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी चढलं की घाटाच्या बाजूला लावलेल्या गाड्या पाण्यात जातात हे आपण दरवर्षी बघतो. अशी गाडी चालू करू नका, चार्जिंगला लावू नका, उघड्यावर ठेवा आणि सरळ टो करा. खालून दगड लागून पॅकला डेंट पडलाय, जळका वास येतोय, पॅकमधून आवाज येतोय, या सगळ्याला हेच लागू.

१२ व्होल्टच्या बाजूला शॉक लागत नाही पण शॉर्ट झालं की पाना लाल होईपर्यंत करंट जातो, म्हणून अंगठी आणि कडं काढून ठेवा. बॅटरी काढायची असेल तर गाडी पूर्ण बंद, चार्जिंगची गन काढलेली, आणि आधी निगेटिव्ह.

पायरी १: टूलच्या आधी नोंद

बिघाड झाला की लगेच डॅशबोर्डचा फोटो काढा, मेसेज पूर्ण वाचता येईल असा. चार्ज किती टक्के होता, पाऊस होता का, गाडी किती दिवस उभी होती, नवीन काही बसवलंय का, डॅशकॅम, जीपीएस, अँप्लिफायर, हे मोबाइलमध्ये लिहून ठेवा. मग गाडी लॉक करून, चावी लांब ठेवून अर्धा तास तशीच राहू द्या. सगळे कंट्रोलर झोपले आणि परत उठले की सॉफ्टवेअरचा तात्पुरता अडकलेपणा पुष्कळदा सुटतो. नुसती स्क्रीन हँग असेल तर ती रीस्टार्ट करायची पद्धत मॅन्युअलमध्ये असते. एवढं करूनही तीच तक्रार परत आली तरच मीटर उचलायचा.

पायरी २: मल्टीमीटर, आणि तो कसा निवडायचा

दीडशे-दोनशे रुपयांचा पिवळा मीटर सगळीकडे मिळतो. बॅटरी बघायला तो चालतो, पण घरच्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो घालू नका, त्याच्या वायरी आणि आतलं इन्सुलेशन त्या लायकीचं नसतं. साधारण ८०० ते १५०० रुपयांत मास्टेक, मेको, युनि-टी (UNI-T) अशा कंपन्यांचे चांगले मीटर मिळतात आणि बजेट वाढवलं तर फ्लूक १०१ आहे, छोटा आहे आणि वर्षानुवर्षं टिकतो. घेताना चार गोष्टी बघा. मीटरवर कॅट थ्री ६०० व्होल्ट (CAT III, घरच्या लाइनवर वापरायला सुरक्षिततेचा दर्जा) लिहिलेलं असावं. १० अँपिअरच्या जॅकला आत फ्यूज असावा, "अनफ्यूज्ड" लिहिलं असेल तर सोडून द्या. फ्लूक १०१ ला करंटचा जॅकच नाही, त्यामुळे तो प्रश्न तिथे येत नाही. कंटिन्यूटीचा (वायर सलग आहे का सांगणारा) बझर लगेच वाजला पाहिजे. आणि प्रोबच्या वायरी मऊ, जाड असाव्यात. एमजी रोडला किंवा सातपूर-अंबडच्या बाजूला इंडस्ट्रियल सामानाच्या दुकानात घेतलात तर हातात घेऊन बघता येतं. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा, ओहमवर ०.५ च्या खाली आलं आणि आकडा नाचला नाही की मीटर ठीक.

आता वापर. १२ व्होल्टची बॅटरी कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये बघा, बहुतेक गाड्यांत बॉनेटखाली असते. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी, दार उघडायच्या आधी रीडिंग मिळालं तर सगळ्यात खरं, पण बॉनेटसाठी दार उघडावंच लागतं, मग उघडून गाडी परत झोपेपर्यंत थांबा. साध्या लेड-ॲसिड बॅटरीला १२.६ च्या पुढे म्हणजे फुल, १२.४ म्हणजे पाऊणच्या आसपास, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पावभर उरलीये, आणि ११.८ च्या खाली असेल तर डॅशबोर्डवर जे काही चमत्कारिक दिसतंय त्यावर विश्वासच ठेवू नका, आधी बॅटरी चार्ज करा.

मग गाडी रेडीला आणा. आता तोच आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या मध्ये गेला पाहिजे. पेट्रोल गाडीत हे काम अल्टरनेटर करतो, ईव्हीत मोठ्या पॅकमधून १२ व्होल्ट बनवणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर करतो. काही गाड्यांत बॅटरी भरलेली असेल तर कन्व्हर्टर मुद्दाम व्होल्टेज खाली आणतो, त्यामुळे हेडलाइट, ब्लोअर आणि मागची काच तापवणारं डीफॉगर चालू करून परत बघा. तरीही १२.५ च्याच आसपास रेंगाळतंय आणि हळूहळू उतरतंय तर कन्व्हर्टर काम करत नाहीये. तो हाय व्होल्टेजचा भाग आहे, म्हणजे तिथे आपलं काम संपलं आणि रीडिंग लिहून सर्व्हिस सेंटर. गाडी मात्र चालवत बसू नका, १२ व्होल्ट संपलं की रस्त्यातच बंद पडेल, आणि ते कसारा घाटात झालं तर फार वाईट.

अजून एक टेस्ट जी फारसं कुणी करत नाही. लाइट, ब्लोअर चालू ठेवून एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरा बॉडीच्या उघड्या बोल्टवर धरा. ०.१ व्होल्टपर्यंत ठीक, ०.२ च्या वर गेलं तर अर्थची पट्टी सैल आहे किंवा गंजलीये. बोल्ट काढून पॉलिश पेपर मारून घट्ट केला की काम झालं, खर्च शून्य.

ईव्हीच्या १२ व्होल्ट बॅटरीची एक खोड समजून घ्या. पेट्रोल गाडीत बॅटरी म्हातारी झाली की स्टार्टर कण्हायला लागतो, आठवडाभर आधी कळतं. ईव्हीत स्टार्टरच नाही, त्यामुळे बॅटरी शेवटपर्यंत काही बोलत नाही आणि एक दिवस अचानक जाते. म्हणून तीन वर्षांच्या पुढची बॅटरी असेल तर महिन्यातून एकदा मीटर लावाच. दोन-तीन हजारांत मिळणारे बॅटरी टेस्टर आतला रेझिस्टन्स मोजून तब्येत सांगतात, चांगलं टूल आहे पण एकट्यासाठी घ्यायची घाई करू नका, बॅटरीच्या दुकानात हीच टेस्ट दोन मिनिटांत करून देतात. त्यापेक्षा १५००-३००० चा १२ व्होल्टचा स्मार्ट चार्जर आधी घ्या, बसलेली बॅटरी घरी भरता आली की अर्धी धावपळ वाचते.

पायरी ३: बॅटरी पुन्हा पुन्हा बसते, म्हणजे करंट कोण खातंय

इंदिरानगरच्या एका ओळखीच्या काकांची छोटी ईव्ही, गावाला चार-पाच दिवस गेले की परत येऊन बघतात तर गाडी मेलेली. १२ व्होल्टची बॅटरी बदलून झाली होती, तरी तेच. डीसी क्लॅम्प मीटर, म्हणजे वायर न तोडता तिच्याभोवती चिमटा अडकवून करंट मोजणारा मीटर, बॅटरीच्या निगेटिव्ह केबलला अडकवला, गाडी लॉक केली, तासभर थांबलो. झोपलेल्या गाडीचा करंट साधारण २० ते ५० मिलीअँपिअर असायला पाहिजे, इथे ४०० दिसत होते. हिशोब बघा, ०.४ अँपिअर गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला ९.६ अँपिअर-अवर, आणि ३५ अँपिअर-अवरची बॅटरी साधारण ३.६ दिवसांत कोरडी. फ्यूजबॉक्स उघडून बघितलं तर डॅशकॅमवाल्याने वायर कायम चालू असणाऱ्या फ्यूजवर टोचली होती. ती चावीबरोबर बंद होणाऱ्या फ्यूजवर नेली, करंट ३० वर आला, विषय संपला. नवीन बॅटरीचे पैसे मात्र गेलेच होते, म्हणून सांगतो, आधी मोजा मग पार्ट बदला.

क्लॅम्प घेताना फसायला होतं ते असं की स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट मोजतात, बॉक्सवर डीसी व्होल्टेज लिहिलेलं असतं आणि आपल्याला वाटतं डीसी करंटही मोजेल. तसं नसतं. डीसी अँपिअर वेगळं लिहिलेलं हवं आणि रेंज २ अँपिअरसारखी छोटी हवी, ६०० अँपिअरवाला क्लॅम्प ३० मिलीअँपिअर दाखवूच शकत नाही. युनि-टीचा युटी२१०ई (UT210E) यासाठी प्रसिद्ध आहे, एक मिलीअँपिअरपर्यंत दाखवतो, साधारण तीन ते साडेचार हजारांत मिळतो. वापरताना केबलच्या शेजारी नेऊन झिरोचं बटण दाबा, मग अडकवा, आणि मीटर फिरवू नका, दिशा बदलली की आकडा सरकतो.

आता फ्यूज शोधताना एकेक फ्यूज उपटू नका, कारण फ्यूज काढला-घातला की कंट्रोलर जागे होतात आणि सगळं मोजमाप बिघडतं. त्याऐवजी मल्टीमीटर मिलीव्होल्टवर ठेवा आणि फ्यूजच्या पाठीवर जे दोन छोटे उघडे ठिपके असतात त्यांवर प्रोब टेकवा. शून्य आलं म्हणजे तिथून करंट जात नाहीये. शून्याऐवजी थोडेसे मिलीव्होल्ट दिसले म्हणजे त्या लाइनवर कोणीतरी जागं आहे. दार उघडं ठेवून काम करायचं असेल तर दाराचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद करून ठेवा म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटतं, झाल्यावर हँडल ओढून ते परत मोकळं करा. चावी घरात, गाडीपासून लांब. आणि ओबीडीला काही लावून ठेवलं असेल तर आधी ते काढा, पुष्कळदा चोर तोच असतो.

पायरी ४: चार्जिंग होत नाही तेव्हा

गाडी चार्ज होत नाही म्हटलं की लोक गाडीवर संशय घेतात. आधी अदलाबदल करून बघा, याला टूलच लागत नाही. तोच चार्जर दुसऱ्याच्या घरच्या सॉकेटला, मग आपल्याच सॉकेटला मित्राचा चार्जर, मग गाडी बाहेरच्या एसी चार्जरला. तिन्ही करून झालं की दोष सॉकेटमध्ये, चार्जरमध्ये की गाडीत हे कळतंच. फास्ट चार्जरला अडकली तर दुसरी गन लावून बघा आणि एररचा फोटो काढा.

सॉकेटवर संशय असेल तर मीटर एसी ७५० किंवा ६०० व्होल्टवर. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. अर्थची ही शेवटची दोन रीडिंग सगळ्यात महत्त्वाची. पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात फेज-अर्थ मोजलं तर ९० च्या आसपास काहीतरी लटकतं व्होल्टेज दिसत होतं, म्हणजे अर्थची वायर सॉकेटपर्यंत आलेली पण पुढे कुठेच जोडलेली नव्हती. फ्रिज, मिक्सर सगळं वर्षानुवर्षं त्याच्यावर चाललं, ईव्हीचा चार्जर मात्र अर्थ मिळाल्याशिवाय चालूच होत नव्हता, आणि ते बरोबरच आहे, तो तुमचा जीव वाचवतोय. यावर बाजारात अर्थ-न्यूट्रल जोडून चार्जरला फसवणारे जुगाड मिळतात किंवा वायरमन करून देतो म्हणतो. कृपा करून हे करू नका. न्यूट्रल तुटला की गाडीची सगळी बॉडी लाइव्ह होते. नवीन अर्थिंगचा खड्डा मारून घ्या, स्वतंत्र लाइन, ४ स्क्वेअर एमएमची वायर, एमसीबी आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच). हे काम लायसन्सवाल्या वायरमनचं, आपलं काम फक्त मोजायचं. सॉकेटमध्ये प्रोब घालायची सवय नसेल तर तीन-चारशे रुपयांचा सॉकेट टेस्टर घ्या, नुसता खुपसायचा, दिवे सांगतात.

अर्थ ठीक आहे पण चार्जिंग मध्येच थांबतं, तर चार्जिंग चालू असताना त्याच लाइनच्या शेजारच्या पॉइंटला व्होल्टेज बघा. चार्जिंगशिवाय २३५ आणि चालू केल्यावर २१० म्हणजे वायर बारीक आहे किंवा कुठेतरी जोड सैल आहे. तासाभराने प्लग हाताला चटका देतोय का तेही बघा, हजारभर रुपयांचा इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तमच. सॉकेट काळवंडला असेल तर लगेच बदला. मखमलाबाद, गिरणारे, दिंडोरीकडे मळ्यात राहणाऱ्यांना पंप चालू असताना व्होल्टेज उतरण्याचा त्रास होतो, तिथे चार्जिंगची वेळ बदलून फरक पडतो का ते आधी बघा, स्टॅबिलायझर नंतर.

चार्जर-गाडीचं बोलणं कसं होतं हे थोडं माहिती असलं की लक्षण ओळखता येतं. टाइप टू गनमध्ये एक पायलट वायर असते. गन हवेत असताना तिच्यावर १२ व्होल्ट, गाडीला लावली की ९, आणि गाडीने "दे आता" म्हटलं की ६. मगच चार्जरमधला रिले टक् करतो. टक् ऐकू आलाच नाही तर बोलणंच पूर्ण झालेलं नाही, म्हणजे गनमधली छोटी पिन घाण आहे, गनचं लॉक बसलं नाहीये किंवा गाडीतच शेड्यूल चार्जिंग लावून ठेवलंय. हे शेवटचं फारच कॉमन आहे! टक् होऊन थोड्या वेळाने बंद पडत असेल तर अर्थ, व्होल्टेज किंवा तापमान. पोर्टमध्ये मीटरचे प्रोब घालू नका, नुसतं टॉर्च मारून पिना बघा, पाणी असेल तर वाळू द्या.

पायरी ५: आता ओबीडी अडॅप्टर

स्टिअरिंगखाली १६ पिनांचा पोर्ट असतो. ओबीडी हा प्रकार मुळात धुराच्या प्रदूषणासाठी आला, ईव्हीत धूरच नाही, त्यामुळे साधं ॲप उघडलं की बऱ्याचदा काहीच दिसत नाही आणि लोकांना वाटतं अडॅप्टर खराब. ईव्हीची माहिती कंपनीच्या स्वतःच्या कोडमध्ये असते आणि ती वाचायला ॲपमध्ये तुमच्या मॉडेलचं प्रोफाइल लागतं. म्हणून क्रम उलटा ठेवा, आधी ॲप, मग अडॅप्टर. कार स्कॅनर हे ॲप फुकट डाउनलोड करून कनेक्शन प्रोफाइलमध्ये तुमची गाडी आणि वर्ष आहे का बघा. निसान लीफ असेल तर लीफ स्पाय हे ॲप आहे. तुमच्या मॉडेलचं कुठेच काही नसेल तर अडॅप्टरवर पैसे घालू नका, हे मी मनापासून सांगतोय.

अडॅप्टरमध्ये ईएलएम३२७ (ELM327) हे चिपचं नाव सगळीकडे दिसेल. मूळ चिप कॅनडातल्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्सची, ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, आणि आज ३००-५०० ला जे मिळतं ते जवळपास सगळं नक्कल आहे. व्हर्जन १.५ लिहिलेलं असतं ना, ते मूळ कंपनीने कधी काढलंच नव्हतं. या नकला पेट्रोल गाडीचा आरपीएम दाखवतील, पण ईव्हीतल्या सगळ्या सेलचे व्होल्टेज म्हणजे लांबलचक उत्तर असतं, ते तुकड्या-तुकड्यांत येतं आणि स्वस्त नकला तिथे अर्धवट माहिती टाकून देतात. व्हीगेटचा व्हीलिंकर मला या कामासाठी योग्य वाटतो, मॉडेलप्रमाणे अडीच ते पाच हजार. ओबीडीलिंक उत्तम आहे पण इंपोर्टमुळे महाग पडतो. आयफोनवाल्यांनी ब्लूटूथ लो एनर्जी असलेलाच घ्यावा. वायफायवाला टाळा, मोबाइलचं नेट अडकतं. दहा-पंधरा हजारांचे टॅबलेटवाले स्कॅनर एकट्याने घेण्यात अर्थ नाही, सोसायटीत चार-पाच ईव्ही असतील तर वर्गणी काढा, पण पैसे द्यायच्या आधी विक्रेत्याकडून तुमच्या मॉडेलची आणि वर्षाची लिस्ट लिहून घ्या.

लावल्यावर अडॅप्टरचा दिवाच लागला नाही तर मीटर परत कामाला येतो. १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचे प्लस १२ व्होल्ट आणि ४ व ५ वर अर्थ असतो. तिथे १२ नसेल तर फ्यूज गेलाय. दिवा लागतो पण गाडी बोलत नाही, तर १२ व्होल्टचं निगेटिव्ह काढून ६ आणि १४ मध्ये ओहम मोजा. कॅन लाइनच्या (कंट्रोलर ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात त्या) दोन्ही टोकांना १२०-१२० ओहम असतात म्हणून मिळून ६० दिसतात. गेटवे (पोर्ट आणि आतल्या लाइनच्या मध्ये बसलेला कंट्रोलर) असलेल्या गाड्यांत आकडा वेगळा येऊ शकतो, पण शून्याजवळ आला तर वायर कुठेतरी चेपलीये.

कोड वाचताना एकच शिस्त पाळा. वाचा, स्क्रीनशॉट काढा, आणि मग पुढचं. आधी डिलीट मारलात तर सर्व्हिस सेंटरला दाखवायला काही उरत नाही. पी म्हणजे पॉवरट्रेन, सी म्हणजे ब्रेक-सस्पेन्शन, बी म्हणजे बॉडी, यू म्हणजे कंट्रोलर एकमेकांशी बोलत नाहीयेत. एकदम आठ-दहा यू कोड दिसले की घाबरू नका, १२ व्होल्ट उतरल्यावर असंच होतं, बॅटरी भरा, कोड पुसा, दोन दिवस चालवा, परत वाचा. जो परत येतो तोच खरा. पी०एए६ मात्र दिसला की थांबायचं, तो हाय व्होल्टेजचं इन्सुलेशन गळतंय असं सांगतो, तिथे घरगुती काही नाही. आणि ॲपमधली कोडिंग, कॅलिब्रेशन, अपडेट अशी बटणं दाबू नका. वाचणं आपलं, लिहिणं कंपनीचं.

काम झालं की अडॅप्टर काढा. तो गाडीला झोपू देत नाही.

पायरी ६: पावसाळ्यातले दिवे, कनेक्टर आणि उंदीर

एबीएसचा दिवा लागला तर ॲपमध्ये चारही चाकांचा वेग एकत्र लावा, शेजारी कुणाला तरी बसवा आणि मोकळ्या रस्त्यावर २० च्या स्पीडने सरळ चाला. तीन चाकं २० आणि एक शून्य किंवा उड्या मारतंय, म्हणजे तो सेन्सर. चाकामागे चिखल, सेन्सरवर लोखंडी कीस किंवा कनेक्टरमध्ये पाणी. कनेक्टर काढून काँटॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या, रबर सील नीट बसवून परत लावा. साधा वंगणाचा स्प्रे नको, काँटॅक्ट क्लीनरच. आणि प्रेशर वॉशरचा फवारा बॉनेटखाली किंवा कनेक्टरवर मारू देऊ नका, धुणाऱ्याला आधीच सांगा.

द्राक्षाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी उंदराचा संशय सगळ्यात आधी घ्यावा. टॉर्च आणि आरसा, एवढंच टूल. कुरतडलेली वायर १२ व्होल्टची आणि वेगळी ओळखता येणारी असेल तरच जोडा, सोल्डर आणि हीट श्रिंकने, नुसती टेप गुंडाळून नाही. नारंगी असेल तर परत तोच नियम.

मोठ्या बॅटरीची तब्येत ॲपवर बघायची असेल तर एक लक्षात घ्या, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतं, त्यामुळे ५० टक्क्यांवर सगळे सेल सारखेच दिसतात आणि त्यावरून काही कळत नाही. कंपनीने सांगितल्याप्रमाणे अधूनमधून १०० टक्के स्लो चार्ज करा आणि वरच्या टोकाला, दरवेळी साधारण सारख्याच तापमानाला, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सेल लिहून ठेवा. एका रीडिंगवरून निष्कर्ष काढू नका, सहा महिन्यांत फरक वाढत जातोय आणि तोच सेल दरवेळी मागे राहतोय तर तक्रार करण्यासारखं आहे.

कितीचं काय घ्यायचं

दीड हजार असतील तर चांगला मल्टीमीटर आणि सॉकेट टेस्टर, बस. पाच हजारांपर्यंत जायचं तर स्मार्ट चार्जर आणि काँटॅक्ट क्लीनर वाढवा. तुमच्या मॉडेलचं प्रोफाइल ॲपमध्ये असेल तर पुढचे तीन-चार हजार अडॅप्टरवर. क्लॅम्प मीटर बॅटरी खरंच वारंवार बसत असेल तरच, नाहीतर मित्राकडून मागून आणा.

वॉरंटीचं बोलायचं तर बऱ्याच ईव्हींना मोठ्या बॅटरीवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असते आणि ती तुमच्या मीटरपेक्षा कितीतरी किमती आहे. नुसतं मोजल्याने, कोड वाचल्याने काही तुटत नाही, पण वायर कापली, सील फोडलं की वाद सुरू. वॉरंटीतली गाडी असेल तर पायरी दोनपासून पाचपर्यंत फक्त मोजा आणि लिहा, दुरुस्ती त्यांनाच करू द्या. गाडी देताना ॲडव्हायझरला नुसतं "मध्येच बंद पडते" सांगू नका. "सकाळी झोपलेल्या गाडीला ११.९, रेडीला १२.४, डीफॉगर लावल्यावर १२.२, कोडचे स्क्रीनशॉट हे" असं सांगा आणि हे सगळं जॉब कार्डवर लिहून घ्या, सही करायच्या आधी वाचून बघा. गाडी परत घेताना काय बदललं, जुना पार्ट कुठेय आणि रेडीला आता किती व्होल्ट येतात हे तिथेच मीटर लावून बघून घ्या.